पवळीचा आकडा

"बाई, हिचा आकडा किती?" सखाहरीनं विचारलं.

मी गाईच्या मानेवरची कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरली. सोमवारी तिथं क्षयाच्या चाचणीचं इंजेक्शन टोचलं तेव्हा ती सात मिलिमीटर जाड होती. आज गुरुवारी, बरोब्बर बहात्तर तासांनी, सातच होती. बोटांनी चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

"शून्य," मी म्हटलं.

"शून्य म्हंजे एक बी न्हाई?"

"एकही नाही, मामा. पुढची आणा."

तो हलला नाही. त्याच्या एका हातात गेरू कालवलेलं वाडगं होतं, दुसऱ्या हातात काडीला गुंडाळलेली चिंधी. सखाहरीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपली आपली पद्धत काढली होती. मी आकडा सांगितला की तो गाईच्या शिंगावर तेवढे तांबडे पट्टे ओढायचा. मानेवर सूज चार मिलिमीटर किंवा जास्त आली की ती गाय क्षयाची, असं मी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. तशा चार निघाल्या होत्या आणि त्यांना तो तोंड कडू करून पलीकडच्या बाभळींना बांधत होता. कुणाला अर्धा, कुणाला एक, त्या पास. पण अख्ख्या गोशाळेत साफ शून्य आलेली ही पहिलीच. पवळी तिचं नाव. तांबूस रंगाची, पाचव्या वेताची, महिन्यापूर्वी व्यालेली.

तिची शिंगं कोरी राहिली याचा सखाहरीला इतका आनंद झाला की त्यानं तिच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला.

"मामा, पाया नंतर पडा. अजून एकवीस गाई आहेत."

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या मार्च अखेरची. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी सरकारी जनावरांची डॉक्टर. एका दवाखान्याचा पगार आणि तीन दवाखान्यांचा चार्ज. बाकीच्या दोन ठिकाणी माणूसच दिलं नव्हतं. मागायला गेलं की साहेब म्हणायचे, जरा ॲडजस्ट करा ना मॅडम. करत होते मेली ॲडजस्ट. सकाळी सहाची एस.टी. पकडायची, दिवसभर लोकांच्या गोठ्यांत वाकायचं, संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या अंगाचा वास स्वतःलाच नको व्हायचा.

गोशाळा गावाबाहेर नदीच्या वरच्या अंगाला होती. थंडीत तिथली एक म्हातारी गाय खोकून खोकून मेली, तेव्हा विश्वस्त नाना पेंढारकरांनी मला बोलावून घेतलं. नाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर, सरळ माणूस. "डॉक्टर, गाईंना क्षय होतो म्हणतात, खरं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खरं. आणि कच्च्या दुधातून तो माणसांत येतो, हेही खरं. म्हणून ही तपासणी.

सखाहरी तिथला गाईंकडं बघणारा माणूस. साठीचा, काटक, बायको कधीच गेलेली. गोशाळेच्याच आवारात दोन खोल्यांत राहायचा. त्याच्या डोक्यात त्या दिवशी काहीतरी घोळत होतं हे मला कळत होतं, पण माझी विचारायची तयारी नव्हती. शेवटी त्यानंच तोंड उघडलं.

"बाई, एक इचारू?"

"विचारा. पण गाय धरून विचारा."

"माजी नात आलीया. शेवंती. दोन वर्साची हाय. गोवरातनं उठलीया पंधरा दिसांमागं. निस्ती काडी झालीया, बाई. मांडीवर घेतली तर हाडं टोचत्यात."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दावलं. दूध, अंडी द्या म्हनले. अंडं ती तोंडात धरत न्हाई. उकळल्यालं दूध वकती. सुली म्हनती, धारोष्ण द्यावं, कासंखालचं, त्यात जोर असतोय." सुली म्हणजे त्याची मुलगी, शेवंतीची आई. "सुलीची पयली पोर गोवरानंच गेली. ही बी गेली तर सुली काय ऱ्हात न्हाई, बाई. मी तिचा बाप हाय, मला ठावं हाय."

"मामा, कच्चं दूध द्यायचं नाही. हे सगळं मग कशासाठी चाललंय?"

"समद्या गाईंचं कुटं म्हनतोय मी? हिचं." त्यानं पवळीच्या पाठीवर हात ठेवला. "कुनाचं एक, कुनाचं दीड. हिचं शून्य. म्हंजे समद्यात निरोगी हीच की! हिचं तर चालंल?"

परीक्षेतल्या मार्कांसारखा त्यानं त्या आकड्यांचा क्रम लावला होता. जितका कमी आकडा, तितकी गाय चांगली. तिथं मी कॅलिपर खाली ठेवायला हवा होता आणि त्याला सांगायला हवं होतं की मामा, हे असं चढत्या-उतरत्या भाजणीनं वाचायचं नसतं. आणि गाय नुकती व्यालेली असली की या चाचणीवर फार भरवसा ठेवायचा नसतो, हेही सांगायला हवं होतं. मला ते येत होतं. मी ते शिकले होते.

पण ऊन डोक्यावर आलं होतं, कमरेत चमक निघत होती आणि पुढं एकवीस गाई उभ्या होत्या.

"हिचं चालेल," मी म्हटलं.

"चालंल न्हवं?"

"हो म्हटलं ना मामा! आता पुढची आणा बघू."

संध्याकाळपर्यंत आणखी दोन गाई बाभळींकडं गेल्या. एकूण अडतीस, त्यातल्या सहा क्षयाच्या. मी अहवाल लिहिला, सही ठोकली आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून पळत सुटले.

दोन आठवड्यांनी एका वासराची हगवण थांबेना म्हणून पुन्हा तिकडं गेले. तेव्हा शेवंतीला पहिल्यांदा पाहिलं. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हातांत पितळी पेला धरून. पेल्यावर डोळे तेवढे दिसत होते. अंगावर गोवराचे काळपट डाग अजून होते. पेला खाली आला तर वरच्या ओठावर फेसाची मिशी.

सुली शेण भरत होती. पंचविशीची, बापासारखीच काटक. मला बघून तिनं हात धुतले, पदर सारखा केला.

"बाई, तुमच्यामुळं झालं बगा. सकाळ-सांज पेलाभर पिती. आता हाक मारली तर वळून बगती तरी."

"उकळून दिलं असतं तर बरं."

"तुमीच म्हनला न्हवं, पवळीचं चालंल?"

"म्हटलं होतं," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून पवळी खोकली. कोरडा, आखूड खोकला. एकदा, मग पुन्हा एकदा. मी वळून पाहिलं. बरगड्या दिसत होत्या तिच्या. व्याल्यावर गाय वाळतेच, मी मनात म्हटलं, आणि कडब्याची धूळ काय थोडी असते? सखाहरीही पाहत होता. आमची नजरानजर झाली. तो म्हणाला, "कोंडा लागला आसंल." मी म्हटलं, "असेल." आणि वासराला सलाईन लावायला बसले.

एप्रिलच्या शेवटी निरोप आला की पवळी उठत नाही. मी पोचले तेव्हा ती आडवी झाली होती, तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. नाडी लागत नव्हती धड. जे द्यायचं ते दिलं. दुपारी दोनला ती गेली.

नाना आले. त्यांनी सोबत नवं लुगडं आणलं होतं, हळद-कुंकू, हार. गोशाळेत गाय गेली की तिची ओटी भरून नदीकाठी खड्ड्यात मीठ घालून पुरायची, अशी तिथली रीत. खड्डा खणायला माणसं लागलीसुद्धा.

"नाना, पुरण्याआधी मला ती उघडून पाहावी लागेल," मी म्हटलं.

"उघडून म्हणजे?"

"पोस्टमॉर्टेम."

नानांचा चेहरा एकदम पडला. "डॉक्टर, इथं आजवर गाईला सुरी लागलेली नाही. तुम्ही आमच्यातल्याच आहात, तुम्हाला काय सांगायचं? वय झालं होतं तिचं. तसं लिहा ना."

आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. उन्हातान्हात तीन तास त्या कामाला जुंपायचं, हातानं जड बरगड्या तोडायच्या, कुणाला हौस आहे? मी बॅग उचललीच होती. इतक्यात सखाहरी पुढं आला.

"चिरा, बाई," तो म्हणाला.

"सखाहरी!" नाना म्हणाले.

"नाना, पाया पडतो. पर चिरू द्या. महिनाभर माजी नात हिचं दूध पितीया." मग माझ्याकडं वळला. "मला बगायचंय काय झालं हुतं."

लुगडं काखेत धरून नाना झाडाखाली पाठमोरे जाऊन बसले. तीच त्यांची परवानगी.

मी, सोबत आलेले आमच्या दवाखान्याचे ड्रेसर बाबालाल आणि सखाहरी. छाती उघडली आणि बाबालालच्या तोंडून "या अल्ला" निघालं. फुप्फुसं म्हणावीत असं फारसं उरलंच नव्हतं. गाठीच गाठी. काही वाटाण्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या. एक कापली तर सुरी करकरली, आत चुना साठल्यासारखं, त्याखाली पिवळं घट्ट, पनीरसारखं. बरगड्यांच्या आतल्या बाजूला राखाडी मण्यांचे घोसच्या घोस लटकत होते. मी मागच्या पायांकडं सरकले आणि कासेवरची गाठ शोधली. ती निरोगी गाईत सुपारीएवढी सापडते. पवळीची माझ्या मुठीएवढी होती. कापली. आत तेच पिवळं.

म्हणजे रोग दुधात उतरला होता. कधीपासून कोण जाणे.

अडतीस गाईंत सगळ्यात जास्त कुजलेली गाय ही होती, आणि मी हिचं शून्य मोजलं होतं.

तेव्हा मला आठवलं. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आम्हाला असं खोटं शून्य कधी येतं ते शिकवलं होतं. एवढंच नाही, परीक्षेत प्रश्न आला होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. आठ वर्षांत मी ते कधी वापरलंच नव्हतं. आपण कसली डॉक्टर, असं मला वाटलं.

"बाई," सखाहरी म्हणाला, "ह्ये काय हाय?"

नाना झाडाखालून उठून जवळ आले होते. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि नाकाला उपरणं लावलं. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "क्षय?"

"हो."

"आणि तुमच्या कागदावर ही पास आहे."

"हो."

"मग वय झालं होतं असंच लिहा, डॉक्टर. तुमची नोकरी आहे. गोशाळेचं नाव आहे. पोरगी तर बरी दिसतेय आता. उगाच त्या म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. मला सुटायला वाट करून देत होते बिचारे. मी काय लिहिणार होते हे मला त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं. पण सखाहरी समोर उभा होता, हातांना कोपरापर्यंत रक्त, आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. त्या माणसानं आकडे विचारून विचारून शिंगांवर पट्टे ओढले होते. त्याला खोटं सांगायचं म्हटलं तर कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मामा, बसा," मी म्हटलं.

"हुबाच बराय."

"पवळीला क्षय होता. फार दिवसांचा. त्या दिवशीही होता."

"पर शून्य..."

"ऐका. आपण मानेत जे टोचतो ना, तो नुसता जंतूचा अर्क असतो. ज्या गाईच्या अंगात तो जंतू शिरलाय, तिच्या रक्तातल्या पेशी त्याला ओळखतात. शत्रू आला म्हणून तिथं धावत येतात, गर्दी करतात. ती गर्दी म्हणजे सूज. ती आपण मोजतो."

"मग हिला का न्हाई आली?"

"रोग फार वाढला की तो जंतूच त्या पेशींना दाबून टाकतो. त्यांची लढायची ताकदच जाते. वर ती नुकती व्यालेली. कितीही टोचलं तरी कुणी धावून येत नाही. मग मानेवर सूज येत नाही आणि आपल्याला वाटतं, गाय निरोगी." मी हातमोजे उतरवले. "तिचं अंग थकलं होतं, मामा. म्हणून शून्य आलं. मला हे माहीत असायला हवं होतं. मला माहीत होतं. मी चुकले."

सखाहरीनं बाभळींकडं मान वळवली.

"मग त्या सहाजनी? त्यांस्नी मी लांब बांधल्या, वाळीत टाकल्यावानी."

"रोग त्यांनाही आहे. पण त्या अजून झगडतायत."

"आन् ही झगडायची बी ऱ्हायली हुती."

"हो."

"म्या माज्या हातानं पाजलं," तो म्हणाला. "रोज. ती नगं म्हनली तर गालफाडं धरून."

"मी सांगितलं म्हणून पाजलंत."

"तुमी सांगितलं. पाजलं म्या." त्यानं ते कुणावर राग धरून म्हटलं नाही. मग हात मातीत घासत म्हणाला, "आता पोरीचं काय करायचं त्ये सांगा. रडू मागनं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही चौघं, सखाहरी, सुली, शेवंती आणि मी, शहरात डॉ. उपाध्यांकडं गेलो. लहान मुलांचे डॉक्टर, हाताला गुण असलेला माणूस. मी सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. सुली शेजारी बसून ऐकत होती. तिला बापानं घरी काय आणि किती सांगितलं होतं कोण जाणे, पण माझ्याकडं ती एकदाही पाहत नव्हती.

डॉक्टरांनी शेवंतीच्या हातावर टोचलं. तेच, गाईला टोचतात तसलंच, माणसाच्या मापाचं. "बहात्तर तासांनी या," ते म्हणाले.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. कामावर गेले, म्हशी तपासल्या, लसी टोचल्या, आणि काहीच केलं नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तो हात उजेडात धरला, बोट फिरवलं आणि हसले. "काही नाही. साफ शून्य. नशीबवान आहे तुमची पोरगी."

खोलीत कुणीच हसलं नाही. डॉक्टर चक्रावून आमच्या तोंडांकडं बघायला लागले.

सखाहरी माझ्याकडं वळला. "बाई?" एवढंच म्हणाला.

आणि सुली पहिल्यांदा बोलली. "बाई, तुमच्या बी तोंडी शून्य, ह्यांच्या बी तोंडी शून्य. तवा शून्य म्हंजे चांगलं हुतं. आता शून्य म्हंजे वाईट का? मी कुनाचं ऐकू? सांगा की! माजी एक गेलीया मातीत, ही बी न्यायची का?"

पोरगी आईचा आवाज ऐकून रडायला लागली. रडणं तरी कसलं, नुसतं कुरकुरणं. तेवढीच ताकद होती तिच्यात.

"डॉक्टर," मी म्हटलं, "नुकता गोवर होऊन गेलाय. वजन बघा तिचं. या शून्यावर माझा विश्वास बसत नाही."

त्यांना माझा राग आला असता तर मी समजून घेतलं असतं. जनावरांची डॉक्टर त्यांना त्यांचं काम शिकवत होती. पण त्यांनी पोरीला पुन्हा टेबलावर घेतलं, मानेवरून सावकाश बोटं फिरवली.

"इथं दोन गाठी आहेत, वाटाण्याएवढ्या," ते म्हणाले. "हडकुळ्या पोरांत असतात अशा. असतीलही तशाच." मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "गोवर अंगाची ताकद खातो, उपासमार उरलेली खाते. त्यात क्षय असला तरी हात कोराच राहणार. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मॅडम. मी खात्रीनं हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

"मग?"

"मग औषध चालू करू. शंकेवर. नऊ महिने, एक दिवस चुकवायचा नाही. अंडं पोटात गेलं पाहिजे, कसंही करून. तीन महिन्यांनी परत टोचून बघू."

बाहेर आल्यावर सुली एस.टी. स्टँडकडं निघाली, पोरीला काखोटीला मारून, मागं न बघता. सखाहरी दोन पावलं माझ्याबरोबर रेंगाळला.

"तिचा राग धरू नगासा," तो म्हणाला.

"मी कोण राग धरणारी, मामा?"

"खोकल्याचा आवाज म्या बी ऐकला हुता, बाई. तुमच्या आधीपासनं. तुमी शून्य म्हनलात आन् मला बरं वाटलं. म्हनून ऐकला न्हाई असं केलं." एवढं सांगून तो लेकीच्या मागं गेला.

मी अहवाल दुरुस्त करून वर पाठवला. चूक कुणाची ते लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं, तासभर ऐकवलं, एक वेतनवाढ रोखली. नानांनी सगळ्या गाईंची तपासणी पुन्हा करून घेतली आणि जिचा जिचा संशय होता तिची वेगळी सोय केली. आवारात कुणी कच्चं दूध तोंडाला लावायचं नाही असा फळा दारावर लावला, हेडमास्तरी अक्षरात. मला ते सगळं त्या वेळी कुठंतरी लांब चाललंय असं वाटायचं. मी गोशाळेत जायची, काम करायची, शेवंती दिसली तर लांबून बघायची. जवळ जायचा धीर व्हायचा नाही. सुली मला बघून आत निघून जायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बाजारच्या दिवशी, मी दवाखान्याच्या, जनावर अडकवून धरायच्या खोड्यात एका म्हशीचं मोडलेलं शिंग बांधत होते. बाहेर रीघ लागलेली. आणि रीघ मोडून सखाहरी आत घुसला, खांद्यावर शेवंती.

"बाई! आली! सूज आली!"

लोक बघायलाच लागले. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं पोरीचा हात माझ्यापुढं धरला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, लालभडक टेंगूळ.

त्याच्या मागोमाग सुली आली. ती रडत होती, पण तिचं रडणं वेगळं होतं. "हसतोस काय?" ती बापावर ओरडली. "डाक्टर म्हनले, रोग हाय. माज्या पोरीला रोग हाय म्हनले आन् ह्यो बाबा रस्त्यानं नाचत आला! लोकं काय म्हनतील?"

"मोजा, बाई," सखाहरी म्हणाला.

"डॉक्टरांनी मोजलं असेल ना?"

"तुमी मोजा."

मी हात धुतले. टेबलावरची प्लास्टिकची पट्टी घेतली, पोरीच्या हाताला लावली. खात्री करायला दोनदा मोजलं.

"चौदा."

"चौदा म्हंजे लई वाईट न्हवं?" सुली म्हणाली.

सखाहरी तिच्याकडं वळला. "सुले, रोग काय आज आला न्हाई. तो तवाच शिरलाय, पवळीच्या दुधातनं. आज तिच्या अंगाला कळलंया. आज ती झगडाय लागली."

सुलीनं माझ्याकडं पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा, सरळ. "खरं म्हनतोय ह्यो?"

"सुले, मी डॉक्टर उपाध्यांना फोन करून..."

"न्हाई. तुमी सांगा."

बाहेर म्हशी हंबरत होत्या, कुणीतरी नंबराची बोंब मारत होतं. मला पळून जावंसं वाटत होतं. एका वाक्यावर या बाईनं पोर पणाला लावली होती आणि ती माझ्याकडं दुसरं वाक्य मागत होती.

"खरं आहे," मी म्हटलं. "रोग आहे, पण अंग जागं झालंय. औषध आणि ती, दोघं मिळून लढतील. एक दिवससुद्धा औषध चुकवू नका."

सुलीनं बापाच्या खांद्यावरून शेवंतीला उचललं, माझ्या मांडीवर बसवलं आणि स्वतः पायरीवर बसून पदरात तोंड घालून मोठ्यानं रडली.

नऊ महिने औषध पुरं झालं आणि पोरगी तगली, हे सांगून टाकते; उगाच ताणून धरायचं आता माझं वय नाही. पण मला आठवते ती त्या दिवशीची मांडीवरची शेवंती. बरीच जड लागत होती. मी ते टेंगूळ पुन्हा बघावं म्हणून त्यावर अलगद बोट टेकवलं. चांगलं गरम होतं.

"दुकतं!" शेवंती ओरडली, आणि तिनं माझ्या हातावर सणसणीत फटका मारला.

लागला मला तो. मी रडायला लागले, खोड्यातली म्हैस तशीच ठेवून, सगळ्या लोकांदेखत.